ठकीची हवा

लग्नानंतर चौदा वर्षांनी ज्याच्या घरी पाळणा हलतो, त्याला सल्ला देण्याचा अधिकार साऱ्या जगाला आपोआप मिळतो. पंचविशीत बाप झालेल्या माणसाकडे लोक पेढे मागतात. चव्वेचाळिसाव्या वर्षी बाप झालेल्याकडे आधी जरा काळजीने बघतात आणि मग पेढे मागतात. आमच्या ब्रँचच्या हेडकॅशियरने तर पेढा तोंडात असतानाच हिशेब केला. म्हणाला, "तुझी रिटायरमेंट आणि हिची दहावी एकदमच रे! ग्रॅच्युइटी क्लासच्या फीत जाणार!"

तर आमचे कन्यारत्न 2023 च्या ऑगस्टमध्ये जन्माला आले. पुस्तक चाळून चाळून तिचे एक भारदस्त नाव आम्ही शोधले आहे. ते जन्मदाखल्यावर सुखाने नांदते आहे. घरात ती ठकी. लाकडी ठकीसारखीच गोल, गुळगुळीत आणि डोळे वटारून बघणारी.

आता मुलीच्या बापाने कशाकशाची काळजी करावी याची एक परंपरागत यादी आहे. नजर लागणे, पोट दुखणे, दात येणे, पुढे शाळेचा प्रवेश. या यादीत 'हवा' नव्हती. माझ्या वडिलांनी माझ्या हवेची काळजी केल्याचे मला आठवत नाही. हवा असायचीच, जसा घरात माठ असायचा. पण आम्ही पडलो चेंबूरचे. या उपनगराला लोक फार पूर्वीपासून 'गॅस चेंबर' म्हणत आले आहेत, आणि आम्हीही ते पाहुण्यांना जरा अभिमानाने सांगत असू. 2016 च्या जानेवारीत शेजारच्या देवनारच्या डंपिंग ग्राउंडला आग लागली तेव्हा तिचा धूर उपग्रहाने काढलेल्या चित्रात दिसला होता. आमच्या भागाची कीर्ती एवढ्या उंचीवर त्याआधी गेली नव्हती. त्या दिवसांत शाळांना सुट्टी मिळाली, पोरे धुरात क्रिकेट खेळली, आणि मीसुद्धा नाकाला रुमाल लावून गच्चीवरून मजा बघितली. कारण तेव्हा मला ठकी नव्हती.

ठकी दोन महिन्यांची झाली आणि तो 2023 चा प्रसिद्ध ऑक्टोबर उजाडला. मुंबईची हवा बिघडल्याच्या बातम्या रोज पहिल्या पानावर. हायकोर्टाने आपण होऊन त्यात लक्ष घातले. महापालिकेने बांधकामांसाठी नियम काढले. इमारत 70 मीटरपेक्षा उंच असेल तर भोवती 35 फुटी पत्रे मारा, इमारतीला हिरवे कापड गुंडाळा, पाणी शिंपडा, राडारोडा झाकून न्या. दिवाळीच्या फटाक्यांना कोर्टाने वेळ ठरवून दिली, रात्री 8 ते 10. आमच्या गल्लीतल्या काही देशभक्तांनी ही वेळ फटाके 'सुरू करण्याची' आहे असा अर्थ लावला, हा भाग वेगळा.

पूर्वी सकाळी पेपर आला की मी आधी राशिभविष्य बघत असे. आता हवेचा आकडा बघू लागलो. हा आकडा आपल्या सरकारने 2015 साली सुरू केला. त्याची गंमत अशी की तो शाळेतल्या मार्कांच्या बरोबर उलटा चालतो. 50 पर्यंत मिळाले तर 'चांगली', 100 पर्यंत 'समाधानकारक', 200 पर्यंत 'मध्यम', पुढे 'वाईट', 'अतिशय वाईट' आणि 400 च्या वर 'गंभीर'. माझ्या प्रगतिपुस्तकात 'समाधानकारक' हा शेरा पाहून वडिलांनी काय केले होते ते मला चांगले आठवत असल्याने, चेंबूरची हवा एखाद्या दिवशी 'समाधानकारक' निघाली तरी मला समाधान म्हणून वाटत नसे.

आणि मी पडलो कॉमर्सचा पदवीधर. आकडा दिसला की त्याला भागल्या-गुणल्याशिवाय चैन पडत नाही. मोठा माणूस मिनिटाला सुमारे 15 श्वास घेतो. म्हणजे दिवसाचे 21,600. आपल्या जुन्या योग्यांनीही नेमका हाच आकडा सांगून ठेवला आहे. ट्रायल बॅलन्स पहिल्या फटक्यात जुळल्याचा आनंद मला झाला. पण ठकीच्या वयाचे मूल मिनिटाला चाळीसेक श्वास घेते. म्हणजे दिवसाचे 57,600! वजनाच्या मानाने बघितले तर मुले आपल्यापेक्षा कितीतरी जास्त हवा ओढतात, आणि तीसुद्धा वाढत्या, कोवळ्या फुप्फुसात. त्या हवेत पीएम 2.5 नावाचे कण. जाडीला माणसाच्या केसाच्या तिसाव्या हिश्शाएवढे. नाकातल्या केसांना न जुमानता थेट आत. आपल्याकडे दिवसाची सरासरी 60 मायक्रोग्रॅमपर्यंत चालते. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये सांगितलेली मर्यादा आहे 15. एकाच गोष्टीचे हे दोन दर बघून कुठल्याही बँकवाल्याच्या पोटात गोळाच यायचा.

त्या रात्री मी सौभाग्यवतीला म्हटले, "अगं, ही आपल्या तिप्पट व्यवहार करते. आणि सगळी एन्ट्री आतच जाते."

"झोपा आता," ती म्हणाली. "आणि तिला मोजू नका, नजर लागते."

दुसऱ्याच रविवारी मी मोहिमेला सुरुवात केली. आमच्या समोरच एक जुनी सोसायटी पाडून बावीस मजली टॉवर उठत होता. तिकडच्या सगळ्या खिडक्या मी फोमची पट्टी लावून घट्ट बंद केल्या. बाथरूमच्या लूव्हर्सना प्लॅस्टिक ठोकले. दाराच्या फटीला जुन्या सतरंजीची वळकटी. कोणीतरी सांगितले म्हणून नर्सरीतून सहा कुंड्या आणल्या, झाडे हवा शुद्ध करतात म्हणून. नंतर वाचले की अमेरिकेतल्या 'नासा'ने 1989 साली तो प्रयोग बंद डब्यात केला होता. खऱ्या खोलीत तेवढा परिणाम हवा असेल तर इतक्या कुंड्या लागतील की माणसांना बाहेर राहावे लागेल. कुंड्यांमुळे आमच्याकडे डास तेवढे झाले. डासांसाठी आईने कॉइल लावली.

इथे यंत्राचा प्रवेश होतो.

हवा मोजायचे एक पांढरे, साबणाच्या डबीएवढे यंत्र मी साडेचार हजारांना घेतले. सौभाग्यवतीला दीड हजार सांगितले. (हे पुस्तक ती वाचणार नाही अशी आशा आहे.) खिडकीबाहेर धरले, यंत्राने 118 दाखवले. आत आणले, म्हटले आता बघा माझ्या फोमच्या पट्टीची कर्तबगारी! यंत्राने 264 दाखवले. मला वाटले, यंत्र बिघडले. परत बाहेर, परत आत. पुन्हा तेच. मग एखाद्या पोलिसी कुत्र्यासारखे ते यंत्र नाकापुढे धरून मी घरभर फिरलो. कॉइलजवळ त्याने चारशे ओलांडले. देवघराशी दोन उदबत्त्यांपुढे पाचशे. स्वयंपाकघरात सौभाग्यवती त्याच वेळी मिरचीची फोडणी देत होती. तिथे तर आकडे शेअर बाजारासारखे चढले.

"बाहेरच्याला आत येऊ देत नाही म्हणता," ती खोकत म्हणाली, "आणि आतल्याने जायचं कुठून?"

या प्रश्नाचे उत्तर बी.कॉम.च्या अभ्यासक्रमात नव्हते.

पण खरी लढाई पुढेच होती. सकाळी ठकीला मालिश आणि अंघोळ झाली की आई तिला धुरी देत असे. करवंटीचा निखारा, त्यावर ओवा, वावडिंग, बाळंतशेपा, धूप आणि लसणीची सालं. त्या निळसर ढगात ठकीला धरून आई तल्लीन होऊन काहीतरी गुणगुणायची. मी यंत्र हळूच दारात ठेवले. आकडा चढत चढत 999 वर गेला आणि तिथेच थांबला. कारण त्यापुढे त्या यंत्रात रकानाच नव्हता.

"आई," मी म्हटले, "हे बघ. नऊशे नव्व्याण्णव!"

"किती पैकी?" आईने विचारले.

मी तिला समजावून सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाली, "अरे, तुला चाळीस दिवस धुरी दिली, म्हणून एवढा झालास."

"एवढा म्हणजे केवढा?" आतून आमची ही म्हणाली. "क्लार्कच ना?"

वास्तविक बँकेने आता आमच्या पदाचे नाव बदलून 'कस्टमर सर्व्हिस असोसिएट' केले आहे, पण घरात कोणी दखल घेतलेली नाही.

आठ दिवस घरात शीतयुद्ध. धुरी बंद केली तर आई जेवणार नाही, चालू ठेवली तर मी जेवणार नाही. तोडगा काढला तो आमच्या बालरोगतज्ज्ञ डॉक्टरांनी. हा माणूस परराष्ट्र खात्यात असायला हवा होता. त्यांनी आईला आधी सगळ्या सामानाची नावे विचारली, वावडिंगाची स्तुती केली, आणि मग म्हणाले, "आजी, वास राहू दे, धूर तेवढा नको. ओव्याची पुरचुंडी तव्यावर कोमट करा, आधी आपल्या गालाला लावून बघा आणि जवळ ठेवा." आईला ते पटले. डॉक्टरांनी सांगितले की पटते. तेच मुलाने सांगितले की बंडखोरी ठरते. उदबत्ती मुख्य दाराबाहेर गेली, कॉइलच्या जागी मच्छरदाणी आली, झाडू जाऊन ओले फडके आले. फोडणीला मात्र कोणी हात लावू शकले नाही. फोडणी होताना ठकीला घेऊन मी आतल्या खोलीत दार लावून बसायचे असा ठराव झाला. एवढे वर्ष स्वयंपाकाच्या वेळी मी काय करायचे हा प्रश्न होता, तोही सुटला.

खिडक्यांबद्दल डॉक्टर म्हणाले, "चोवीस तास बंद नका ठेवू. घरातलाच धूर, ओल, आपल्याच श्वासाची हवा कोंडते. बाहेरचा आकडा खाली आला की उघडा."

"कधी खाली येतो?"

"यंत्र तुमच्याकडे आहे ना?"

मग मी एक वही घातली. तारीख, वेळ, आत, बाहेर, शेरा. पंधरा दिवसांत जे दिसले त्याने मी थक्क झालो, कारण ते मला सहावीच्या भूगोलात शिकवलेले होते आणि मी त्यात 35 पैकी 14 मिळवले होते. खारे वारे आणि मतलई वारे! रात्री वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो, साऱ्या शहराचा धूर-धुरळा घेऊन. त्यात थंडीचे दिवस असले की जमीन गार पडते, गार हवा खालीच बसते आणि पातेल्यावर झाकण ठेवावे तसा सगळा धूर खाली कोंडतो. उन्हे वर आली की झाकण उचलते, दुपारी समुद्राकडून खारे वारे सुटतात आणि आकडा उतरतो. म्हणजे सगळ्यांत वाईट हवा पहाटेची, आणि त्यातल्या त्यात बरी दुपारी एक ते चारची.

आणि मी? 'सकाळची शुद्ध हवा' म्हणून महिनाभर ठकीला रोज सहा वाजता गच्चीवर नेत होतो. शर्टाची वरची बटणे उघडी टाकून, दीर्घ श्वास घेत.

तेव्हापासून खिडकी उघडण्याची वेळ दुपारी एक ठरली. त्या वेळी मी काउंटरवर असतो, म्हणून बरोबर एकला घरी फोन करायचो. "उघडली का?" चार वाजता पुन्हा, "लावली का?" आठ दिवसांनी मॅनेजरने मला केबिनमध्ये बोलावले आणि मी शेअर्सचे धंदे तर करत नाही ना, असे आडून आडून विचारले.

एक उरले, ते हवा गाळायचे मोठे यंत्र. ते मी फेस्टिव्हल अ‍ॅडव्हान्स काढून घेतले. दुकानदार रंग दाखवत होता; मी त्याला गणित घातले. खोली 10 बाय 12, उंची 9, म्हणजे 1080 घनफूट, म्हणजे सुमारे 30 घनमीटर. यंत्राने तासाला 150 घनमीटर हवा गाळली तरच खोलीची हवा तासात पाच वेळा फिरते. दुकानदार म्हणाला, "साहेब, निळ्यात पण येतो." असो. घेतले. शेजाऱ्यांपैकी कोणी ते फॅन समजले, कोणी कचऱ्याची पेटी समजून त्यात शेंगांची टरफले टाकली. पण काम चोख. ठकीच्या खोलीतला आकडा रात्री 12-15 वर यायचा. यंत्रावर हिरवा दिवा लागायचा. त्या हिरव्या दिव्याकडे बघत मला अशी गाढ झोप लागायची की, क्लोजिंगच्या दिवशी कॅश एका फटक्यात जुळली तरच तशी लागते.

वहीत एकच नोंद मात्र मला छळत होती. रोज पहाटे साडेपाच ते साडेसहा बाहेरचा आकडा अचानक उसळी मारायचा. मतलई वाऱ्यांना एवढी वक्तशीर सवय नसते. शिवाय एक वास यायचा. जळक्या प्लायवूडचा, रंगाचा, डोळ्यांना झोंबणारा. कोणीतरी रोज कचरा जाळत होते! मी सोसायटीच्या सेक्रेटरींना अर्ज दिला. तारीखवार आकड्यांचा तक्ता जोडून. विषय : 'अज्ञात इसमाकडून पहाटेच्या वेळी होणारे बेकायदेशीर ज्वलन.' सोबत महापालिकेला द्यायची प्रत. सेक्रेटरी म्हणाले, "अज्ञात आहे तोवर नोटीस कोणाला पाठवू? तुम्ही आधी इसम आणा."

हे सगळे चालू असताना 2024 च्या जानेवारीत, ठकी पाच महिन्यांची असताना, ती रात्र आली.

दोन-अडीचचा सुमार. सौभाग्यवतीने मला हलवले. "अहो, हिचा श्वास बघा."

ठकी झोपेतच कण्हत होती. नाकपुड्या फुलत होत्या. डॉक्टरांनी कधीतरी सांगून ठेवले होते की मूल शांत असताना पुरते एक मिनिट घड्याळ लावून श्वास मोजायचे. या वयात 50 किंवा त्याहून जास्त भरले, किंवा फासळ्यांखाली खळगा पडायला लागला, की वाट बघायची नाही. मी मोबाईलच्या उजेडात तिच्या पोटावर नजर लावून मोजायला लागलो. वीस वर्षे नोटा मोजल्या आहेत. गप्पा मारत मोजल्या आहेत, चहा पीत मोजल्या आहेत, कधी एक नोट चुकली नाही. त्या रात्री पहिल्यांदा 48 आले. दुसऱ्यांदा 53. तिसऱ्यांदा तिसाच्या पुढे कुठेतरी माझा आकडाच हरवला.

"किती?" तिने विचारले.

"परत मोजतो."

"किती आले सांगा ना!"

हिरवा दिवा लागलेलाच होता. खोलीतली हवा 12. उत्तम.

मी ठकीला शालीत गुंडाळली, आई देवासमोर बसली, आणि आम्ही रिक्षा पकडली. हॉस्पिटलात त्या रात्रीच्या तरुण डॉक्टरीणबाईंनी तिच्या अंगठ्याला चिमटा लावला, छाती ऐकली, नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब घालून नाक साफ केले. ऑक्सिजन 97 होता. तीन तास बसवून ठेवले. हळूहळू श्वास चाळीसच्या घरात आला. ठकीने डोळे उघडून माझ्याकडे वटारून बघितले, तेव्हा माझे गुडघे प्रथमच लटपटले. तोवर त्यांना वेळ नव्हता.

"सर्दीचा व्हायरस आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "घरात कोणाला सर्दी आहे?"

सौभाग्यवतीने माझ्याकडे पाहिले. मी तीन दिवस शिंकत होतो. काउंटरवर पेन्शनर मंडळींनी दिलेली सर्दी घेऊन मी रोज संध्याकाळी घरी येत होतो, फोमच्या पट्टीतून, सतरंजीच्या वळकटीवरून, थेट ठकीच्या गालापर्यंत.

"म्हणजे हवेचा काही दोष नाही?" मी विचारले.

"तसं नाही. धूर-धुळीत लहान मुलांना छातीचे त्रास जास्त होतात. पण हात धुवा, आणि सर्दी असली की मास्क तुम्ही लावा. तिला नको हं, दोन वर्षांच्या आत मुलांना मास्क लावायचा नाही."

पावणेसहाला आम्ही परतलो. गल्लीच्या तोंडाशी सिमेंटचा मिक्सर आडवा उभा, म्हणून रिक्षा तिथेच सोडली. आणि तोच वास आला. प्लायवूडचा. रात्रभराचा सगळा संताप मला एकदम कुठेतरी ठेवायला जागा मिळाली. ठकीला घेऊन सौभाग्यवतीला वर पाठवले आणि म्हटले, "आज इसमाला पकडतोच!" छोटे यंत्र माझ्या खिशातच होते. ते पुढे धरून मी वासाच्या मागावर निघालो. आकडा चढत होता. 210. 340. त्या 35 फुटी पत्र्यांना एका ठिकाणी फट होती, तिच्यातून मी आत गेलो.

तीन विटांची चूल. त्यावर तेलाचा डबा, डब्यात पाणी. खाली शटरिंगच्या प्लायचे तुकडे जळत होते. पलीकडे सळयांना बांधलेली साडीची झोळी, आणि चुलीपुढे एक बाई, मांडीवर ठकीएवढेच पोर पालथे घालून त्याच्या पाठीला तेल चोळत बसलेली. जालन्याकडची होती, हे मला नंतर कळले.

मला ती सुपरवायझरचा माणूस समजली असावी. "टँकर न्हाई आला अजून," म्हणाली. मग तिने नीट पाहिले. "तुमी समोरच्या बिल्डिंगीतले ना? रातच्याला तुमच्याकडली पोर लई रडत व्हती. दोनदा आवाज आला. बरी हाय का?"

"बरी आहे," मी म्हटले. "दवाखान्यात नेली होती. सर्दी झालीय."

"ह्यालाबी झालीया. चार दिस झाले, रात्रभर रडतंय. म्हनून ऊन पान्यानं न्हाऊ घालते."

चार रात्री. मला त्याचा आवाज कधी आला नव्हता. फोमची पट्टी उत्तम प्रतीची होती.

तिचे लक्ष माझ्या हातातल्या डबीकडे गेले. "त्ये काय हाय? घड्याळ?"

"हवा मोजतं," मी म्हटले.

"मग किती निगाली?"

यंत्रावर 684 होते. वीस वर्षे मी लोकांना 'सिस्टीम डाऊन आहे' असे डोळ्याला डोळा देऊन सांगत आलो आहे. तिथे जीभ वळेना.

"जरा जास्त आहे," मी म्हणालो.

"आसंलच," ती समाधानाने म्हणाली. "हितं मोकळी जागा हाय ना."

घरी आलो. आईला सगळे सांगितले. ती काही बोलली नाही. उठली, गीझर लावला, आणि निळी प्लॅस्टिकची बादली भरून माझ्यापुढे ठेवली. "जा. निवायच्या आत दे तिला. आणि सांग, रोज मिळेल म्हणून. काय ते फळकूट जाळू नकोस म्हणावं."

त्या दिवसापासून पहाटे पावणेसहाला दुसऱ्या मजल्यावरून पंधरा लिटर गरम पाणी घेऊन उतरणे हे माझे काम झाले. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. पहिल्या आठवड्यात दोनदा पाय भाजला, एकदा तळमजल्याच्या काकांचे वर्तमानपत्र भिजले. सेक्रेटरींनी मला जिन्यात गाठले आणि 'सोसायटीचे पाणी सोसायटीबाहेर नेण्याबाबत' उपविधी काय म्हणतात ते सांगितले. मी त्यांना म्हटले, "तुम्हीच म्हणालात ना, आधी इसम आणा? आणलाय. इसमाचं वय साडेपाच महिने. नोटीस पाठवताय?" त्यांनी मग माझा जुना अर्ज काढून त्यावर 'निकाली' असा शेरा मारला. पुढे त्यांच्याच पत्नी मला जिन्यात अडवून बादलीत एक तांब्या कढत पाणी घालू लागल्या.

वहीचे म्हणाल तर मी महिनाभर नोंदी ठेवल्या. पहाटे साडेपाच ते साडेसहाची आमच्या खिडकीबाहेरची सरासरी 168 होती, ती 151 वर आली. सतरा आकडे. संध्याकाळची चूल पेटतच होती, भाकरीपुढे बादली काय करणार? धुळीचे हिरवे कापड जागोजागी फाटलेलेच होते. बिल्डरला सोसायटीतर्फे पत्र गेले, तेव्हा चार दिवस पाणी शिंपडले गेले आणि गल्लीत चिखल झाला. मग लोकांनी चिखलाची तक्रार केली. खुद्द माझ्या स्कूटरची पीयूसी त्या महिन्यात संपली होती, हे मी कोणाला सांगितले नव्हते, इथे सांगतो.

आईने एक दिवस ठकीला आखूड झालेली झबली आणि ओव्याची पुरचुंडी माझ्या हाती बादलीबरोबर पाठवली. पुरचुंडी कशी वापरायची ते मी तिला डॉक्टरांच्याच शब्दांत समजावले. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, "आमी धुरी देतो. त्यानं बरं वाटतं." मी आईकडे ही तक्रार नेली. आई म्हणाली, "मग? मी काय वेगळं सांगत होते?"

मे महिन्यात त्या टॉवरचा स्लॅब संपला आणि ती मंडळी दुसऱ्या साईटवर गेली, भिवंडीकडे कुठेतरी. जायच्या दिवशी मी बँकेत होतो. संध्याकाळी येऊन बघतो तर दाराबाहेर निळी बादली, आतून-बाहेरून घासून लख्ख केलेली. आम्ही घेतली तेव्हाही ती तशी नव्हती. ठकी आता त्या बादलीत बसते, दोन्ही हातांनी काठ धरते आणि मला म्हणते, "बाबा, उचल."